घरात वाढलेली कारवानी पिल्लं: दोन माद्यांच्या धंद्याची मांडणी

जत-कवठेमहांकाळच्या बाजूला कारवानी कुत्रं बघितलं नाही असा माणूस मिळायचा नाही. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, काटक पाय आणि ससा दिसला की सुटलेला जीव. पण विकत घेणाऱ्याची तक्रारही ठरलेली असते, "कुत्रं चांगलं हाय, पण हात लावून देत नाही." परकं माणूस आलं की ते खाटेखाली शिरतं, नाहीतर रानात पसार होतं. लोक ही जातीची खोड मानतात. थोडीफार ती आहेही. पण एकाच वेतातलं एक पिल्लू गोठ्यात दाव्याला वाढलं आणि दुसरं आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, तेव्हा मला फरक दिसला. उंबऱ्यावरचं पिल्लू पोस्टमनच्या पायात लोळत होतं. गोठ्यातल्याला धरायला तिघं लागली.

कारवानीचं पिल्लू घरगुती वाढवून विकण्यात जो काही धंदा आहे तो याच फरकाचा आहे. नुसतं पिल्लू गावात कुठेही मिळतं.

आधी घरातली माणसं मोजा

नवीन माणूस पहिलाच प्रश्न विचारतो, किती माद्यांपासून सुरू करू? माझा हिशोब सोपा आहे. घरात राबणारी जितकी मोठी माणसं, त्याच्या निम्म्या माद्या. आमच्या घरात मी, हे, सासूबाई आणि थोरला मुलगा असे चौघं, म्हणून दोन माद्या. त्याही एकाच वेळी व्यायला द्यायच्या नाहीत. व्यालेल्या कुत्रीजवळ पहिले दहा दिवस चोवीस तास कुणीतरी लागतं आणि पुढचा महिनाभर पिल्लांना माणसांचे हात लागतात. पगारी गडी ठेवून सहा माद्या सांभाळता येतात, नाही असं नाही. पण मग ती पिल्लं घरात वाढलेली म्हणून विकू नयेत.

नर पाळायची घाई करू नका. एक नर आणि दोन माद्या ठेवल्या की तिसऱ्या वर्षी बाप-लेकीची जोडी लागायची वेळ येते. चांगला नर दुसऱ्याकडचा वापरावा. त्याचा मोबदला रोख द्यावा, किंवा वेतातलं एक पिल्लू निवडू द्यावं. आमच्याकडे दुसरी रीत जास्त चालते.

कागद

इथं बहुतेक जण डोळे झाकतात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याखाली २०१७ साली श्वानपैदास आणि विक्रीचे नियम आले. ते घरात एकच मादी ठेवून पिल्लं विकणाऱ्यालाही लागू होतात. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि ती दोन वर्षांसाठी असते. मी आधी जिल्ह्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात जाऊन अर्जाचा नमुना समजून घेतला. तुम्हीही तेच करा, एजंटाला पैसे देऊ नका.

नियमांतल्या मुख्य गोष्टी पाठच असाव्यात. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय लावायची नाही. वर्षात एकापेक्षा जास्त वेत नाही, लागोपाठच्या दोन माजांना नाही, आणि जन्मभरात पाचच्या वर नाही. आठ वर्षांनंतर तिला विश्रांती. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. प्रत्येक पिल्लाला मायक्रोचिप, म्हणजे कातडीखाली बसवलेली ओळख-नंबराची बारीक चिप, आणि प्रत्येक विक्रीची नोंद. शेपूट छाटणं, कान कापणं बंद. कारवानीत तसंही कुणी ते करत नाही.

केनेल क्लब ऑफ इंडियाची नोंदणी ही वेगळी गोष्ट, ती वंशावळीची असते. क्लबच्या दप्तरात ही जात कॅरावॅन हाउंड म्हणून आहे आणि कर्नाटकात तिला मुधोळ हाउंड म्हणतात. भारतीय टपाल खात्याने २००५ साली देशी कुत्र्यांची जी तिकिटं काढली त्यांतही मुधोळ हाउंडच आहे. यावर दोन्हीकडची माणसं तासन् तास भांडतात, त्यात पडू नका. गिऱ्हाइकाला दोन्ही नावं सांगा आणि कागदावर जे आहे ते दाखवा. कागद नसलेली पण उत्तम कुत्री धनगरांच्या वाड्यावर आजही आहेत. अशी मादी असेल तर "कागद नाहीत" हे पहिल्याच फोनवर सांगून टाका.

मादी कशी बघायची

दिसण्याच्या आधी स्वभाव. आई लाजरी असली की पिल्लं तिचं बघून लाजतात. तीन आठवड्यांचं पिल्लू जगाकडे आईच्या अंगाआडून बघत असतं. म्हणून मादी घेताना मी तिच्या मालकाला अर्धा तास घरात बसायला सांगते आणि एकटी अंगणात उकिडवी बसून राहते. आपणहून जवळ येऊन हुंगणारी मादी घ्यायची.

मग डॉक्टर. हृदय, दात, डोळे, योनीमार्ग तपासून घ्या आणि गोचीड तापासाठी रक्ताची चाचणी करा. लॅब्रेडॉर किंवा जर्मन शेफर्ड करणार असाल तर दोन वर्षांनंतर खुब्याचा एक्स-रे काढल्याशिवाय जोडी लावू नका. आणि नर-मादी दोघांचीही ब्रुसेलाची चाचणी. या रोगाने गाभ पडतो, नर वांझ होतो, आणि तो माणसालाही लागतो. नराचा मालक चाचणीला नाही म्हणाला तर नर कितीही देखणा असू दे, परत फिरा.

माज आणि जोडी

मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. रक्त दिसलेला पहिला दिवस कॅलेंडरवर लिहा. सुरुवातीचे आठ-नऊ दिवस ती नराला जवळ येऊ देत नाही. पुढे स्राव फिकट, गवती रंगाचा होतो, आणि कंबरेवर हात ठेवला की ती शेपूट बाजूला घेते. दहाव्या ते चौदाव्या दिवसात बहुतेक माद्या लागतात. शहरात असाल तर प्रोजेस्टेरॉनची रक्तचाचणी करून नेमका दिवस काढता येतो. आमच्याकडे ते सांगली-मिरजेला गेल्याशिवाय होत नाही, म्हणून एक दिवस आड करून दोनदा जोडी लावतो.

जोडी अडकली की दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत तशीच राहते. ओढायचं नाही, पाणी मारायचं नाही, पोरांना हुसकून लावायचं आणि दोघांची डोकी धरून शांत बसायचं. माज संपेपर्यंत मादीला दाराबाहेर एकटं सोडू नका. एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात, आणि गावातला काळा कुत्रा कुंपणाच्या भोकाची खबर ठेवून असतो.

त्रेसष्ट दिवस

जोडीपासून सरासरी ६३ दिवस धरा, चार-पाच दिवस इकडे-तिकडे. पंचविसाव्या ते तिसाव्या दिवशी सोनोग्राफीत गाभ कळतो. पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढला की पिल्लांची कवटी आणि कणे मोजता येतात. हा खर्च वाचवू नका. सहा पिल्लं आहेत हे माहीत असलं की पाचव्यानंतर कुत्री गाढ झोपली तरी तुम्ही झोपत नाही.

आहाराबद्दल आमच्या भागात एक हट्ट आहे. ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली की झालं. एरवी ते भागतं, गाभणीला भागत नाही. पहिले सहा आठवडे नेहमीचा खुराक ठेवा, पण त्यात अंडी, चिकन, कलेजीचा थोडा तुकडा येऊ दे. शेवटचे तीन आठवडे हळूहळू वाढवत दीडपटीपर्यंत न्या, आणि पोटाला जागा उरत नाही म्हणून दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या. व्याल्यावर, पिल्लं तीन-चार आठवड्यांची होतात तेव्हा, तिला एरवीच्या दुप्पट-तिप्पट लागतं.

गाभणपणात कॅल्शियमचं औषध मात्र आपल्या मनाने पाजू नका. बाहेरून कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढण्याची शरीराची सवय मोडते, आणि दूध सुरू झाल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. व्याल्यानंतर दोन-चार आठवड्यांत कुत्री थरथरू लागली, धापा टाकू लागली, पाय ताठ करून चालू लागली तर पिल्लं बाजूला काढा आणि त्याच घटकेला डॉक्टर गाठा. शिरेतून कॅल्शियम मिळालं तर ती वाचते. "सकाळी बघू" म्हणण्यातला हा आजार नाही.

विण्याची रात्र

पेटी दहा दिवस आधी तयार हवी. कुत्री आडवी पसरू शकेल इतकी मोठी, तीन बाजूंनी बंद, आणि आतून भिंतीपासून चार बोटं अंतरावर काठीचं आडवं कठडं. त्या सांदीत पिल्लू सरकतं, नाहीतर आई टेकताना ते भिंतीशी चेंगरतं. पेटी घराच्या आत ठेवा, पण वर्दळीत नको. आमची देवघराशेजारच्या खोलीत असते. सासूबाईंनी पहिल्या वर्षी कुरकुर केली. आता पहाटेची पहिली फेरी त्याच मारतात.

अठ्ठावन्नाव्या दिवसापासून रोज दोनदा गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप लिहा. कुत्रीचा ताप एरवी १०१ ते १०२ फॅरनहाइट असतो. तो ९९ च्या खाली आला की साधारण चोवीस तासांत ती विते. मग ती खाणं सोडते, गोधडी उकरते, धापते. हे सहा ते बारा तास चालतं.

पिल्लू पिशवीत येतं. आईने पिशवी फोडली नाही तर तुम्ही फोडा, नाक-तोंड पुसा, टॉवेलने खसखसून चोळा. पिल्लाला उलटं धरून हवेत झोके देणारे लोक अजून आहेत, तसं करू नका, मेंदूला इजा होते. नाळ पोटापासून इंचभर सोडून उकळलेल्या दोऱ्याने बांधा, पुढे कापा, टोकाला आयोडीन लावा. प्रत्येक पिल्लामागे एक वार, म्हणजे नाळ जिला जोडलेली असते ती झार, पडली का ते मोजा.

डॉक्टरांना केव्हा उठवायचं, हे आमच्याकडे पेटीवरच खडूने लिहिलेलं असतं:

- जोरात कळा देऊन अर्धा तास झाला, पिल्लू नाही
- आत पिल्लं आहेत आणि दोन पिल्लांत दोन तासांचं अंतर पडलं
- पहिल्या पिल्लाच्या आधीच हिरवट स्राव आला
- ताप उतरून चोवीस तास झाले, कळा नाहीत

सिझेरियनची वेळ आलीच तर भुलीच्या आधी डॉक्टरांना आठवण करा की हे हाउंड आहे. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी नसते, आणि थायोपेंटोनसारख्या औषधांतून ती फार उशिरा जागी होतात. चांगले डॉक्टर हे जाणतात, पण रात्री दोन वाजता आठवण केलेली वाईट नाही.

पहिले वीस दिवस: ऊब, वजन, पोट

माझ्या पहिल्या वेतातली दोन पिल्लं पहिल्याच रात्री गेली, आणि चूक माझी होती. डिसेंबर होता. पिल्लं गार लागली, रडत होती, मला वाटलं भुकेली आहेत. मी चमच्याने दूध पाजलं. गार पिल्लाची आतडी चालत नाहीत, दूध तसंच कुजतं. आधी ऊब, मग दूध. नवजात पिल्लाला आपली ऊब राखता येत नाही, म्हणून पहिला आठवडा पेटीत ३० अंश सेल्सियसच्या आसपास उष्णता लागते. एका कोपऱ्यावर बल्ब टांगा आणि दुसरा कोपरा थंड ठेवा, म्हणजे पिल्लं आपली जागा आपण शोधतात. ढिगाने चिकटून रडत असली तर थंडी आहे, लांब लांब पसरून धापत असली तर उकडतंय.

आईचा चीक पहिल्या दिवसातच प्रत्येकाच्या पोटात गेला पाहिजे, पुढे आतड्यातून ती रोगप्रतिकारक द्रव्यं शोषली जात नाहीत. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा सैलसर बांधा आणि किराणा मोजायच्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करा. पहिल्या दिवशी किंचित घटलं तर चालतं. नंतर रोज वाढलंच पाहिजे, आणि आठ-दहा दिवसांत जन्माच्या दुप्पट. पिल्लू आजारी दिसण्याच्या एक दिवस आधी काटा बोलतो.

वरचं दूध द्यावंच लागलं तर पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर वापरा, गाईचं दूध कुत्रीच्या दुधापुढे फार पातळ. पाजताना पिल्लू पालथं असावं. बाळासारखं उताणं धरलं की दूध फुफ्फुसात जातं. आई नसेल तर प्रत्येक पाजण्यानंतर ओल्या कोमट कापसाने शीची-शूची जागा चोळावी लागते. तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते त्यांना आपलं आपण जमत नाही.

दहाव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात. दर आठवड्याला नखांची टोकं कापा, नाहीतर आईचे सड ओरबाडले जातात आणि ती पाजायला बसत नाही. सड गरम, कडक लागला तर डॉक्टर. जंताचं औषध दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात, आईलाही सोबत.

तिसरा ते आठवा आठवडा: इथं पिल्लू घडतं

तिसऱ्या आठवड्यापासून पुढचे दोन-अडीच महिने पिल्लाचा मेंदू नव्या गोष्टी न घाबरता स्वीकारतो. नंतर दार हळूहळू बंद होत जातं. यातला निम्मा काळ पिल्लू तुमच्याच घरात असतं. म्हणजे गिऱ्हाइकाला पुढची बारा-तेरा वर्षं जे कुत्रं सांभाळायचं आहे त्याचा पाया तुमच्या हातात आहे. कारवानीत तर दुप्पट.

चौथ्या आठवड्यात पेटी स्वयंपाकघराच्या दाराशी येते. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, भांडी पडणं, टीव्ही हे सगळं झोपेतच कानावर पडतं. पुढे रोज एक नवीन वस्तू: सायकल, उघडी छत्री, सासूबाईंची काठी, पत्र्याचा तुकडा, पाण्याची परात. रोज एक नवीन माणूस: दाढीवाला, टोपीवाला, हेल्मेट घातलेला, नऊवारीतली आजी, रांगणारं बाळ. प्रत्येकाने पिल्लाला बसल्या जागी हातावर खाऊ द्यायचा, वाकून उचलायचं नाही. शेळ्या-कोंबड्या लांबून दाखवायच्या. नजरेने शिकार करणारी जात आहे, कोंबडी पळाली की पिल्लू पळणार, त्याला रागवून उपयोग नाही. लहानपणी शेळ्यांत बसलं की निदान शेळीमागे लागत नाही.

दिवसातून एकदा प्रत्येक पिल्लाला भावंडांपासून दहा मिनिटं वेगळं न्या. कान, दात, पंजे हाताळा, टेबलावर उभं करा. दवाखान्यात याचीच गरज पडते. शीसाठी एका कोपऱ्यात माती किंवा गवत ठेवा, पिल्लं झोपेच्या जागेपासून आपसूक लांब जातात.

या काळात येणारा प्रत्येक पाहुणा चपला फाटकाबाहेर काढतो आणि हात धुतो. पार्व्हो या रक्ती हगवणीच्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि लस पुरी न झालेलं वेत तीन दिवसांत साफ करतो. त्याच दिवशी दुसरीकडे पिल्लं बघून आलेल्याला मी चहा देते, पण ओट्यावरच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर. हे वेळापत्रक गिऱ्हाइकाच्या हातात लेखी द्या.

पिल्लू कुणाला द्यायचं नाही

आमच्या वहीत नकारांसाठी वेगळी पानं आहेत. "सशाला चालेल का?" असं विचारणारा पहिल्या पानावर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, शिकार गुन्हा आहे, आणि असं कुत्रं काटेरी तारेत फाटून मरतं. दुसरा, बायकोला वाढदिवसाची अचानक भेट द्यायची म्हणणारा. घरातल्या सगळ्यांनी येऊन पिल्लाला भेटल्याशिवाय मी देत नाही. तिसरा, पाचव्या मजल्यावरच्या फ्लॅटचा. त्याला सरसकट नाही म्हणत नाही, पण कुंपण असलेलं मैदान कुठे आहे आणि पहाटे तिथे कोण नेणार ते विचारते. कारवानीला मोकळ्या रस्त्यावर पट्टा सोडून चालत नाही, एकदा काही दिसलं की हाक ऐकू येत नाही. पुण्याचे एक गृहस्थ हे ऐकून नाराज होऊन गेले, आणि महिन्याने मैदानाचा व्हिडिओ घेऊन परत आले. त्यांना दिलं.

पिल्लू चार आठवड्यांचं होण्याआधी आगाऊ रक्कम घेऊ नका. पिल्लू दगावलं तर पैसे परत करताना जीव जातो. कुठलं पिल्लू कुणाला, हे मी ठरवते, सातव्या आठवड्यात. रंगावरून निवडायला लोक येतात. धीट पिल्लू शेतावर, मऊ स्वभावाचं म्हाताऱ्या जोडप्याकडे, हे रोज बघणाऱ्यालाच कळतं.

करार साध्या कागदावर, दोन प्रतींत. चिपचा नंबर, आई-बाप, लसी आणि जंताच्या तारखा, दोन्हीकडच्या सह्या. त्यातलं एक कलम मी कधीच सोडत नाही: कोणत्याही वयात, कोणत्याही कारणाने सांभाळता आलं नाही तर कुत्रं आधी आमच्याकडे परत येईल. आजवर दोन परत आली. म्हणूनही घरात जागा राखून ठेवावी लागते, सगळे कोपरे माद्यांनी भरायचे नाहीत.

जाताना सोबत चार दिवसांचं नेहमीचं खाणं आणि आईच्या अंथरुणातला गोधडीचा तुकडा द्या. पहिल्या रात्री एक वाजता फोन येतो, "रडतंय." तो उचलायचा.

पैसे

एका वेताचा हिशोब मांडताना पिल्लांची संख्या एक्स-रेत दिसली तितकी धरू नका. सहा दिसली तर चार धरा. एक दगावेल असं समजा, एक नराच्या मालकाला जाईल. समजा चाचण्या, सोनोग्राफी, एक्स-रे, खुराक, लसी, चिप, नोंदणी मिळून चाळीस हजार झाले, तर विकायला चारच पिल्लं असताना प्रत्येकी दहा हजार हा नुसता खर्च. सिझेरियन झालं तर त्या वर्षी हातात काही उरत नाही, म्हणून तितकी रक्कम आधीच बाजूला हवी. उत्पन्न धंद्याचं आहे, विवरणपत्रात दाखवा. वर्षाला एक-दोन वेतांत घर चालत नाही. आमच्या घराचा खर्च द्राक्षबागेवर आहे, कुत्र्यांवर नाही, आणि कुत्र्यांवर असता तर मी पुण्याच्या गृहस्थांना पहिल्याच दिवशी पिल्लू दिलं असतं.

खर्चात एक रकाना बहुतेकांच्या वहीत नसतो, निवृत्त मादीचा. आमची पहिली मादी चौथ्या वेतानंतर थांबवली, नसबंदी केली. आता ती अकरा वर्षांची आहे. सांध्यांच्या गोळ्या, रोजचं अंडं, दोन वेळचा भात-चिकन हे तिच्या नावावर लिहिलं जातं, आणि पिल्लाची किंमत ठरवताना मी ते पान उघडते. गिऱ्हाईक आलं की ती उंबऱ्यावरून उठत नाही. चपला काढून आत यायचं तर तिला ओलांडून यावं लागतं, आणि ती मान वर करून प्रत्येकाचा हात हुंगते.